लघवी करून आल्यावर थेंब गळतात? काय करायचं, ते एकेक करून

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार अण्णा खांद्यासाठी सांगलीत माझ्याकडे येत होते. छाटणीत हात वर धरून धरून खांदा आखडला होता. वय अठ्ठावन्न, पांढरा लेंगा, वर जवळजवळ गुडघ्यापर्यंत येणारा शर्ट. चौथ्या दिवशी व्यायाम संपल्यावर ते उठले, दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसले. "डॉक्टर, लघवी करून येतो, नाडी बांधतो, चार पावलं चालतो आणि मग चार-पाच थेंब पडतात. लेंग्यावर डाग दिसतो. म्हणून शर्ट लांब शिवून घेतो." दोन वर्षं त्यांनी हे घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. लग्नकार्यात पुढे बसणं सोडलं होतं आणि गावाहून सांगलीला यायचं तर सकाळपासून पाणी पीत नव्हते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाठ, मान, गुडघा घेऊन आलेली माणसं शेवटी दारात थांबून हाच प्रश्न विचारतात, हे मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. पूजेला सोवळ्यात बसणारे विचारतात, नमाजाआधी वुजू करणारे विचारतात. त्यांना कपडा ओला होण्यापेक्षा मनाला लागलेली टोचणी जास्त छळते. आणि यातल्या बहुतेकांचा त्रास शिकून घेता येईल अशा एका साध्या युक्तीने त्याच दिवसापासून कमी होऊ शकतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी ओळखा: नेमकं कधी गळतं?

"लघवी गळते" या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळे त्रास एकत्र येतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. म्हणून पहिलं काम वेळ पकडायचं.

लघवी पूर्ण झाली असं वाटलं, कपडे नीट केले, बाहेर आलात आणि मग थेंब पडले, तर तो या लेखाचा विषय. लघवी संपता संपत नाही, तिथेच उभं राहून थेंब थेंब चालू राहते, धार बारीक झाली आहे, तर ते वेगळं. त्यात पुरुषांमध्ये प्रोस्टेटची, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीची, शंका आधी घ्यावी लागते. खोकताना, शिंकताना, घागर उचलताना गळते ती आणखी वेगळी. घाई लागते आणि मोरीपर्यंत पोहोचायच्या आत सुटते ती वेगळी. आणि दिवसभर नकळत कपडा ओलाच राहतो, रात्री अंथरूणही भिजतं, तर ते यातलं सगळ्यात गंभीर. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. तुमचं तसं असेल तर मधलं सगळं सोडून थेट तिकडे जा.

तीन दिवस एक वही ठेवा. किती वाजता लघवीला गेलात, साधारण किती झाली, थेंब कधी पडले, काय काय प्यायलात. मापासाठी प्लॅस्टिकचा खुणा असलेला जुना मग चालतो. कुणाला वही नको वाटते, त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहावं. तीन दिवसांत तुम्हाला तुमचा त्रास असा कळतो की डॉक्टरांपुढे अडखळायला होत नाही.

पाणी अडकतं कुठे?

अण्णांना मी बागेतला पाइप आठवायला सांगितला. मोटर बंद केली, कॉक फिरवला, तरी जमिनीवर पडलेल्या पाइपच्या झोळात पाणी राहतंच. पाइपचं तोंड कितीही झटकलं तरी ते येत नाही. मागून पाइप उचलत उचलत पुढे आलं की मात्र भळकन बाहेर पडतं.

पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण १८ ते २० सेंटिमीटर लांब असतो. मूत्राशयातून निघून तो प्रोस्टेटमधून खाली उतरतो, अंडकोषांच्या मागे वळण घेतो आणि पुढे येतो. त्या वळणापाशी नळी थोडी रुंद आहे. तोच तिचा झोळ. त्या भागाला बाहेरून एका स्नायूचा वेढा असतो. लघवीच्या शेवटी तो आकसतो आणि उरलेले थेंब पुढे ढकलतो. वयाने, सतत कुंथण्याने, कधी एखाद्या शस्त्रक्रियेनंतर किंवा नुसताच वापरात न राहिल्याने हा स्नायू सैल पडला की थोडीशी लघवी झोळात राहते. चहाच्या चमच्याएवढी, बहुतेकदा त्याहूनही कमी. आपण चालू लागलो, बसलो, वाकलो की ती खाली उतरते.

यातून एक गोष्ट निघते आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हे थेंब मूत्राशयातून येत नाहीत. मूत्राशयाची झडप बंद झालेली असते, लघवी नळीत उरलेली असते. म्हणून कितीही वेळ थांबलं, कितीही झटकलं तरी उपयोग होत नाही, आणि पाणी कमी पिऊनही होत नाही. पंचविशीतल्या मुलांनाही हे होतं. फक्त एवढाच त्रास असेल, तर तो एकटा काही प्रोस्टेटच्या आजाराची खूण नाही.

आणि ही धातू नव्हे. हे मुद्दाम लिहितो, कारण थेंब पडतात म्हणजे धातू जाते, अंगातली ताकद जाते, लग्न टिकणार नाही, असं समजून पोरं झुरत राहतात. भिंतीवरच्या जाहिराती वाचून हजारो रुपयांच्या पुड्या खाल्लेला एक तेवीस वर्षांचा मुलगा माझ्यासमोर रडला आहे. त्याला होता तो हाच त्रास. हे लघवीचेच थेंब असतात आणि त्यांचा पुरुषत्वाशी काही संबंध नाही. थेंब पांढरट-पिवळट चिकट पुवासारखे असतील आणि सोबत जळजळ असेल तर तो संसर्ग असू शकतो. त्याला डॉक्टर आणि औषध लागतं, पुडी नाही.

मोरीत काय करायचं (पुरुषांसाठी)

पहिल्यांदा कपडे. पँटची चेन थोडी उघडून, आतल्या चड्डीचं इलॅस्टिक नुसतं खाली दाबून लघवी करायची सवय बहुतेकांना असते. ते इलॅस्टिक नळीला खालून दाबतं आणि लघवी त्याच्या मागे अडकते. कपडे सोडले की दाब जातो आणि थेंब पडतात. काहींचा त्रास एवढ्यानेच होतो. बटण सोडा, चड्डी अंडकोषांच्या खाली येईल इतकी उतरवा. लेंगा असेल तर नाडी पूर्ण सैल करा.

मग घाई सोडा. ढोपरं साथ देत असतील तर उकिडवं बसून, नाहीतर कमोडवर बसून लघवी करायला काहीच हरकत नाही. ज्यांचं प्रोस्टेट वाढलेलं आहे त्यांचं मूत्राशय बसून अनेकदा जास्त चांगलं रिकामं होतं. बसून लघवी केल्याने कमीपणा येतो असं मानणाऱ्यांनी आपल्या आजोबांना आठवावं. शेताच्या बांधावर ते बसूनच करत.

धार थांबली की मनात दहा आकडे मोजा. जोर लावू नका. मग एकदा-दोनदा आतून आवळून सोडा, म्हणजे चारचौघांत वारा सरायची वेळ आली की जसं धरून ठेवतो तसं.

आता मुख्य गोष्ट. डाव्या हाताची दोन-तीन बोटं अंडकोषांच्या मागे न्या, गुदद्वाराच्या पुढे, दोहोंच्या मधल्या जागेवर. बोटांच्या टोकांनी हलकेच वर दाबा. दाब तसाच ठेवून बोटं अंडकोषांच्या खालून पुढे, लिंगाच्या मुळाकडे ओढत आणा. अडकलेली लघवी पुढे सरकते आणि थेंब तिथेच पडतात. हे दोनदा-तीनदा करा. मग लिंगाच्या खालच्या बाजूने मुळापासून टोकाकडे बोट फिरवा आणि झटका. दाब किती? पिकलेलं द्राक्ष फुटणार नाही इतका. दुखलं तर जोर जास्त होतो आहे, किंवा जागा चुकते आहे.

बहुतेकांची पहिल्या दिवशी जागा चुकते. ते अंडकोषांच्या पुढूनच सुरुवात करतात, म्हणजे झोळ मागेच राहतो. घरी आंघोळीच्या वेळी, अंग गरम पाण्याने सैल असताना, निवांत शोधा. बोटांना तिथे आतली नळी दोरीसारखी लागते.

शेवटी पाण्याने धुवा आणि कोरडं करा. धुतल्यावर राहिलेलं पाणीच कपड्याला लागतं आणि माणूस समजतो लघवी गळली. खिशात एक वेगळा, मऊ सुती रुमाल ठेवा.

एसटी स्टँडवर ओळीने उभं राहायच्या मुतारीत हे करायला संकोच वाटतो, ते खरं आहे. तिथे आत जाऊन दाराच्या संडासात करा. दार नसेल तर पँटच्या खिशात हात घालून, कापडावरून मागून पुढे दाबलं तरी बरंचसं काम होतं. सरावाला आठवडाभर लागतो, मग सगळं मिळून वीस सेकंदांत उरकतं.

व्यायाम: तीन महिने, रोज

दाबण्याची युक्ती त्या दिवसापुरती. स्नायू परत कामाला लावायचा तर व्यायामच. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली बाळंतपणानंतरच्या गळतीसाठी हा मांडला, म्हणून त्याला केगेल म्हणतात. पुरुषांनाही तो तितकाच लागू आहे. योगवर्गात मूलबंध शिकलेल्यांना ही आतली ओढ ओळखीची वाटेल.

आधी स्नायू सापडला पाहिजे. उताणे झोपा, गुडघे वाकवा, पाय जमिनीवर टेकवा. वारा अडवतो तसं आवळा आणि त्याच वेळी धार मध्येच तोडतो आहोत असं मनात आणा. पुरुषांनी एकदा आरशासमोर उभं राहून पाहावं: ओढ बरोबर असेल तर लिंगाचं मूळ किंचित आत जातं आणि अंडकोष वर उचलले जातात. पोट, मांड्या, कुल्ले यांतलं काहीही घट्ट झालं तर चुकलं. श्वास धरला तरी चुकलं. मी शिकवताना माणसाला मोठ्याने एक ते पाच म्हणायला लावतो. आवाज चालू आहे म्हणजे श्वास चालू आहे.

पाच आकडे आवळून धरा, पाच आकडे पूर्ण सोडा. असं दहा वेळा. मग पटपट आवळून-सोडून दहा वेळा. हे सकाळ, दुपार, रात्र. दोन-तीन आठवड्यांनी धरायचा वेळ हळूहळू दहा आकड्यांवर न्या. सुरुवातीला पाचपर्यंतही जमत नाही, तिसऱ्या आकड्यालाच सुटतं. चालेल, तीनपासून सुरू करा. सोडणं हाही व्यायामाचा अर्धा भाग आहे. सतत आवळून ठेवलेला स्नायू दमतो आणि दुखतो. आधीच ओटीपोटात किंवा बैठकीच्या जागी दुखत असेल, संभोगात दुखत असेल, तर आपापलं आवळत बसू नका, आधी कुणाला तरी दाखवा.

लघवी करताना मध्येच धार तोडून व्यायाम करू नका. स्नायू ओळखण्यासाठी एकदा केलं तर केलं. रोज केल्याने मूत्राशय नीट रिकामं न होण्याची सवय लागते.

फरक दिसायला सहा आठवडे तरी लागतात, पक्का व्हायला तीन महिने. दोन आठवड्यांत सोडून देणारे फार. त्यावर माझा उपाय असा की व्यायाम रोजच्या कामाला बांधून टाकायचा. अण्णांनी तो सकाळी डेअरीत दूध घालायच्या रांगेत, दुपारी जेवणानंतर आणि रात्री बातम्या लागल्यावर असा लावून घेतला. बाहेरून कुणाला काही कळत नाही.

बद्धकोष्ठ असेल तर ते आधी सुधारा. रोज कुंथणाऱ्याचा हा व्यायाम एका हाताने भरायचा आणि दुसऱ्या हाताने सांडायचा होतो. जुना खोकला आणि पोटाचा घेर हेही याच स्नायूवर भार टाकतात.

बायकांचं थोडं वेगळं आहे

हा भाग माझ्याबरोबर काम करणाऱ्या ताईंकडून शिकलेला. बायका हे त्यांच्याशीच बोलतात.

स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर, त्यात झोळ नाही. तरी उठल्यावर ओलं होतं, कारण बऱ्याचदा थोडी लघवी योनिमार्गात शिरते आणि उभं राहिल्यावर बाहेर येते. साडी-परकर वर धरून, गुडघे जोडून, कमोडवर घाईत बसणाऱ्यांना हे जास्त होतं. लहान मुलींनाही होतं: शाळेतून येताना चड्डी ओली, आणि आई रागावते. मुलीला रागावू नका. चड्डी घोट्यांपर्यंत खाली, गुडघे लांब, अंग थोडं पुढे झुकवून बसायला शिकवा. पाय जमिनीला पोहोचत नसतील तर खाली पाट द्या. मोठ्यांनीही तेच करायचं: गुडघे लांब, पुढे झुका, झाल्यावर एकदा उभं राहून पुन्हा बसा, उरलेली जाऊ द्या, मग पुढून मागे धुवा आणि पुसा.

स्टँडवरचे संडास घाण असतात म्हणून अर्धवट वाकून, न टेकता लघवी करण्याची सवय बाईला लागते. त्या स्थितीत खालचे स्नायू नीट सैल होत नाहीत, मूत्राशयात थोडी लघवी उरू शकते. भारतीय पद्धतीचा संडास मिळाला तर पूर्ण उकिडवं बसणं चांगलं.

याहून जास्त मला छळतं ते दिवसभर धरून ठेवणं. सांगली आणि सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत उसाच्या हंगामात तोडीला आलेल्या बायका फडात आडोसा नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आपल्या शेतात भांगलणाऱ्या बायकांचंही तेच. घट्ट झालेल्या लघवीने मूत्राशय चिडतं, जळजळ होते, संसर्ग होतो आणि गळणं वाढतं. ज्यांच्या रानात बायका कामाला येतात त्यांनी चार काठ्या रोवून जुन्या साडीचा आडोसा तरी करावा. अर्ध्या तासाचं काम आहे.

बाळंतपणानंतर किंवा पाळी गेल्यावर अंग बाहेर आल्यासारखं, खाली काही उतरल्यासारखं वाटत असेल तर फक्त व्यायामावर थांबू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

पाणी, कपडे, प्रवास

पाणी तोडू नका. दिवसाला दीड-दोन लिटर, उन्हात राबणाऱ्याला अर्थातच जास्त. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारात डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर तेवढंच. चहा मात्र कमी करून पाहा. दर घरी कपभर असा दिवसाला आठ कप पिणाऱ्याला वारंवार लघवी होणारच.

युक्ती जमेपर्यंत चड्डीत सुती कापडाची घडी किंवा लहान पॅड ठेवा. पुरुषांसाठीही वेगळे पॅड मिळतात. ओलं झालं की बदला, नाहीतर जांघेत चट्टे येतात. माऊलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आली की लोणंदपासून बरडपर्यंत पांढऱ्या कपड्यांचा महासागर असतो, आणि डाग दिसेल या भीतीने वारीला जायचं सोडलेले दोघे तरी मला माहीत आहेत. त्यांना मी एवढंच सांगितलं: दोन महिने आधी व्यायाम सुरू करा, पिशवीत चार घड्या ठेवा आणि चालताना पाणी प्या.

डॉक्टरांकडे कधी, आणि किती लवकर

त्याच दिवशी जा: लघवी तुंबली आणि ओटीपोट फुगून दुखतंय, लघवीबरोबर थंडी वाजून ताप, बैठकीची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली. शेवटच्या दोन गोष्टी मणक्यातली नस दबल्याची खूण असू शकतात, तिथे तासही महत्त्वाचे.

लघवीतून रक्त दिसलं, एकदाच दिसलं, दुखलंही नाही, तरी त्याच आठवड्यात जा. जळजळ, बारीक धार, रात्री तीन-चार वेळा उठणं, वजन उतरणं, खूप तहान, यांनाही थांबू नका. शुगर तपासलेली नसेल तर तपासा. जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा मंदावतात.

दिवसभर ओलं राहणाऱ्यांसाठी एक हकीकत. एका म्हाताऱ्या तात्यांचं धोतर सतत ओलं, अंथरूण ओलं. घरच्यांना वाटलं वय झालं, भान राहत नाही. सून दिवसाला चार धोतरं धुवायची आणि तात्या मान खाली घालून बसायचे. सोनोग्राफी केली तेव्हा कळलं की मूत्राशय काठोकाठ भरलेलं आहे आणि वरून ओसंडतंय. प्रोस्टेटने वाट अडवली होती. नळी घातली, पुढे उपचार झाले. अशा तुंबलेल्या लघवीने किडनीवर ताण येतो, म्हणून घरातल्या वृद्धाचं नवं ओलेपण म्हातारपणाच्या खात्यावर टाकू नका. आणि प्रोस्टेट वाढलेलं असेल तर सर्दीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका; त्यातल्या काहींनी लघवी तुंबते.

तपासण्या साध्या असतात: लघवीची तपासणी, शुगर, आणि लघवी करण्याआधी व केल्यावर अशी सोनोग्राफी. रिपोर्टमध्ये पीव्हीआर म्हणून आकडा असतो, म्हणजे मागे उरलेली लघवी. पन्नास मिलीच्या आत असेल तर सहसा काळजी नसते. गरज वाटली तर धारेचा वेग मोजतात. सातारा, कराड, सांगली, मिरज, चारही ठिकाणी मूत्ररोगतज्ज्ञ आहेत. मिरजेला तर १८९४ साली वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून लांबलांबून लोक उपचाराला येतात.

केसपेपरच्या खिडकीवर मागे रांग असते, ओळखीचं कुणी भेटतं, आणि तिथूनच माणसं परत फिरतात. खिडकीवर फक्त "लघवीची तक्रार" एवढंच सांगा, पुढचं तिथे सांगायची गरज नाही. आत गेल्यावर वही समोर ठेवा आणि पहिलंच वाक्य हे म्हणा: "लघवी पूर्ण झाल्यावर, कपडे घातल्यावर थेंब गळतात, इतक्या महिन्यांपासून." धार कशी आहे, रात्री किती वेळा उठता, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे त्याला जोडून सांगा. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, नावं पाठ नसतात.